थर्ड स्ट्राइक शिकायचंय? पॅरी राहू दे, आधी थ्रो शिक

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी टेकन ३ मध्ये एडी घेऊन बटणं बडवत बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना हरवलं. आता जपानी खेळाडू डायगोची ती प्रसिद्ध क्लिप बघून ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’ खेळायला घेतला, रोज बसून पॅरीचाच (समोरच्याचा फटका ऐन क्षणी परतवण्याचा) सराव केला, आणि ऑनलाइन गेलं की जो येतो तो धुऊन काढतो. तर पॅरी कधी जमणार, कॅरेक्टर कोणतं घ्यायचं, आणि इतक्या जुन्या गेममध्ये आता नव्याने शिरण्यात काही अर्थ आहे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर छोटं आहे. अर्थ आहे. कॅपकॉमने हा गेम १९९९ साली आर्केडसाठी काढला आणि लोक आजही बहुतांश तोच आर्केडचा गेम खेळतात. दर काही महिन्यांनी अपडेट येऊन शिकलेलं पाण्यात गेलं, असं इथे होत नाही. आज शिकलेली गोष्ट दहा वर्षांनीही चालेल. मात्र एक अडचण आधीच सांगून ठेवतो. २०२३ चा स्ट्रीट फायटर ६ घेतलास तर त्यात शिकवणी चांगली आहे, सोपे कंट्रोल आहेत, आणि तुझ्याच पातळीचा माणूस मिनिटभरात समोर येतो. थर्ड स्ट्राइकमध्ये ही शेवटची सोय जवळजवळ नाही. इथे जे टिकलेत ते मुरलेले आहेत, आणि त्यातल्या काहींनी तुझ्या जन्माआधी हा गेम हातात घेतला असेल. सुरुवातीचे बरेच दिवस नुसतं हरायचं आहे हे मान्य असेल तरच पुढचं वाच.

आता त्या क्लिपविषयी, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. २००४, कॅलिफोर्नियात इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा. डायगो उमेहारा केन खेळतोय, समोर जस्टिन वाँगची चुन-ली. डायगोची लाइफ इतकी कमी की साधा ब्लॉक (स्टिक मागे धरून फटका अडवणं) करूनही तो मेला असता, कारण स्पेशल (ठरावीक क्रमाने निघणाऱ्या खास) आणि सुपर (पट्टी भरल्यावर सुटणाऱ्या जबर) मूव्ह ब्लॉकवरही थोडं नुकसान करतात. जस्टिनने सुपर सोडला, एकामागून एक लाथा, आणि डायगोने त्यातली प्रत्येक लाथ पॅरी केली. शेवटची तर उडी मारून हवेत. आणि उतरताना उलटा कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, लावून मॅच घेतली. क्लिप कितीही वेळा बघ, अंगावर काटा येतोच.

पण त्यातल्या दोन गोष्टी क्लिप बघणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे, पहिली लाथ बघून पॅरी करता येत नाही. स्क्रीनवर सुपरचा झगमगाट दिसून मेंदूपर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो. जस्टिन आता सुपर मारणार हे डायगोने आधीच ताडलं होतं. किंबहुना पुढे-मागे सरकत त्याला तो मारायला लावला म्हण. नंतरच्या लाथा पाठ केलेल्या तालावर येतात, त्या सरावाने कोणालाही जमतात. दुसरी गोष्ट म्हणजे, ती स्पर्धा डायगो जिंकला नाही. ती मॅच लूझर्स फायनलची, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटातली शेवटची होती. पुढे ग्रँड फायनलमध्ये तो केनजी ओबाताकडून हरला, आणि त्या मॅचची क्लिप कोणी कोणाला पाठवत नाही.

तू ट्रेनिंगमध्ये नेमकं तेच करत बसलास जे त्या प्रसंगात सगळ्यात सोपं होतं: ठरलेल्या तालावर पुढे टकटक करणं. अवघड भाग समोरच्या माणसाला वाचण्याचा होता, आणि तो डमीसमोर, म्हणजे सरावासाठी उभ्या ठेवलेल्या बाहुल्यासमोर, शिकता येत नाही.

पॅरी म्हणजे काय हे एकदा नीट मांडतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. फटका लागायच्या क्षणी स्टिक पुढे टेकवून सोडायची, खालचा फटका असेल तर खाली. गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, चालतो, आणि जमिनीवर उभं राहून पॅरी करायला साधारण १० फ्रेमची मुभा मिळते, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. जमली तर नुकसान शून्य, आणि समोरचा अजून हात पसरून उभा असताना तू मोकळा. चुकली तर? पुढे टेकवलंस म्हणजे त्या क्षणी तू ब्लॉक करत नव्हतास. त्याने पायाकडे मारलं तर लागलं. त्याने अर्धा क्षण थांबून मारलं तरी लागलं. म्हणजे चांगला खेळाडू पॅरी करतो तेव्हा तो पैज लावत असतो. ही पैज कधी लावायची हे कळायला समोरचा काय-काय करू शकतो हे आधी माहीत असावं लागतं, आणि नवख्याला नेमकं तेच माहीत नसतं.

ह्या एका गोष्टीने गेमचं सगळं अंकगणित बदलतं. स्ट्रीट फायटर २ आठवतोय ना, पार्लरमध्ये एक जण कोपऱ्यात बसून हडोकेन (हातातून सुटणारा गोळा) सोडत राहायचा आणि दुसरा उडी मारून आला की शोर्युकेनने (वर उसळणाऱ्या ठोशाने) खाली पाडायचा? इथे ते चालत नाही. हडोकेन पुढे टेकवून विझवता येतो, वर पॅरी करणाऱ्याच्या सुपरच्या पट्टीत थोडी भर पडते. उडी मारून येणारासुद्धा हवेत तुझा शोर्युकेन पॅरी करू शकतो. कुठलाही फटका शंभर टक्के सुरक्षित नाही.

एक गोष्ट सोडून. थ्रो पॅरी होत नाही.

थ्रो ब्लॉकही होत नाही. लाइट पंच आणि लाइट किक एकत्र दाबले की जवळचा माणूस उचलून आपटला. त्यातून सुटायचे मार्ग मोजके: त्याच क्षणी तूही तीच दोन बटणं दाबून सुटणं, उडी मारणं, मागे सरकून पल्ल्याबाहेर जाणं, किंवा त्याच्या आधी फटका मारणं. म्हणून थर्ड स्ट्राइकचा कणा थ्रो आहे असं मी म्हणतो. जुने खेळाडू नवख्याला कसं मारतात ते नीट बघ. चालत येतात, थ्रो. परत चालत येतात, थ्रो. नवखा वैतागून थ्रोतून सुटायला बटणं दाबू लागला की ते अर्धं पाऊल मागे घेतात. त्याचा थ्रो हवेत हुकतो, हात पसरलेले राहतात, आणि तेवढ्यात खालून मीडियम किक आणि सुपर. अर्धी लाइफ गेली. नवख्याला वाटतं आपण सुपरने हरलो. हरला तो पहिल्या दोन थ्रोंनी.

आता हीच साखळी उलटी धर आणि त्यातून शिकायला लाग. तुझ्याकडे थ्रो आहे ही भीती समोरच्याच्या मनात बसली की तो तीनपैकी काहीतरी करणार: सुटायची बटणं दाबणार, उडी मारणार, नाहीतर घाबरून काहीतरी फटका फेकणार. तिन्हींवर उत्तर आहे. बटणं दाबणाऱ्यासाठी अर्धं पाऊल मागे. उडी मारणाऱ्यासाठी, तो खाली उतरताना फटका किंवा पुन्हा थ्रो. फटका फेकणाऱ्यासाठी... इथे पॅरी येते. आता तू आंधळी पैज लावत नाहीयेस. तो फटका फेकणार हे तूच त्याच्याकडून करवून घेतलंयस. पॅरी शिकायची जागा ही. बसून खाली ब्लॉक करत राहणाऱ्यासाठी थ्रोशिवाय आणखी एक आहे, मीडियम पंच आणि मीडियम किक एकत्र. सगळ्या कॅरेक्टरांकडे असलेली छोटी उडी घेऊन वरून मारायची मूव्ह. नुकसान फारसं नाही, पण बसून ब्लॉक करणाऱ्याला ती लागते, आणि पुढच्या वेळी तो उभं राहायचा विचार करू लागतो. उभा राहिला की खालून किक मारायची.

सरावाचं सांगतो. एखादा मित्र पकड, त्याला गेम येत नसला तरी हरकत नाही, उलट बरं. नियम असा करा की दोघांनी फक्त चालायचं, थ्रो करायचा, थ्रोतून सुटायचं आणि खालून मीडियम किक मारायची. उडी नाही, स्पेशल नाही, सुपर नाही. पाच राउंड आधी जिंकेल तो जिंकला. पहिले काही डाव अगदी मूर्खासारखे वाटतील, दोघंही एकमेकांना चिकटून बटणं दाबत बसाल. मग एकाच्या लक्षात येईल की चिकटण्याआधी किंचित थांबलं की समोरच्याचा थ्रो हुकतो. मग दुसऱ्याच्या लक्षात येईल की थांबणाऱ्याला खालची किक लागते. त्यानंतर तुम्ही दोघंही पल्ल्याबाहेर उभं राहून एकमेकांना चाळवायला लागाल. तिथून पुढे तुम्ही हा गेम खेळताय असं मी म्हणेन.

हे चाळवणं म्हणजे ज्याला इंग्रजीत फुटसीज म्हणतात ते, आणि ते आपल्या मातीत कबड्डीच्या रूपाने आधीपासून आहे. चढाईपटू आत येतो, पाय पुढे टाकतो, कोपरारक्षक पकडीला झेपावला की पाय मागे, आणि त्याच झेपेवर हात लावून मध्यरेषेकडे. पकडणाऱ्याने झेपायचं टाळलं तर चढाईपटू आणखी अर्धा फूट आत. कोणाचा पल्ला किती आणि कोण आधी उतावळा होतो, ह्यावर सगळा डाव. चुन-ली आणि केनची मॅच आवाज बंद करून बघ. सुपरची पट्टी भरेपर्यंत दोघंही रेषेच्या आत-बाहेर पाय टाकताना दिसतील. पट्टी भरली की पल्ल्याची किंमत बदलते. आता खालची एक किक लागली तर तिच्यापाठी सुपर येणार असतो, म्हणून दोघंही अर्धं पाऊल लांब उभे राहतात. चुन-ली ह्या गेममध्ये वर का आहे हे ह्यातून कळतं. तिचा पल्ला लांब, सुपरच्या पट्ट्या दोन, आणि लांबून लागलेल्या खालच्या मीडियम किकलाही सुपर जोडता येतो.

इथून कॅरेक्टरकडे वळतो. आर्केडमध्ये निवडायला १९ कॅरेक्टर आहेत, प्रत्येकाला तीन सुपर आर्ट (सुपरचे प्रकार), त्यातला एक मॅचआधी ठरवायचा. चुन-ली, युन आणि केन सगळ्यात वर हे सर्वमान्य आहे. त्यांच्या खाली माकोतो, डडली, युरियन, अकुमा वगैरे. तळाला शॉन, ट्वेल्व्ह. नवख्याला मी केन देतो, तिसरा सुपर आर्ट. कारण त्यात लपवाछपवी नाही. चांगला थ्रो आहे, खालची मीडियम किक आहे, शोर्युकेन आहे, आणि मीडियम पंच-हेवी पंच असा दोन फटक्यांचा ठरलेला क्रम आहे ज्यातून सुपरमध्ये जाता येतं. युन घेऊ नकोस. त्याचा गेनेई-जिन हा सुपर भयंकर आहे, पण तो चालू असतानाच्या काही सेकंदांत हाताला जे करावं लागतं ते शिकण्यातच वर्ष जाईल आणि चालणं-थांबणं राहून जाईल. युरियनचंही तसंच, त्याचा आरसा लावायचा खेळ बघायला देखणा, शिकायला महाग. चुन-ली घेतलीस तर लवकर जिंकायला लागशील. त्यात वाईट काही नाही. फक्त ती लांबूनच इतकी भक्कम आहे की जवळ जाऊन थ्रोची भीती बसवण्याचा भाग शिकायचा राहून जातो, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

हे सगळं ऐकूनही ह्यूगो किंवा क्यू आवडला असेल तर तोच घे. आवडतं कॅरेक्टर असेल तर माणूस जास्त दिवस टिकतो, आणि ह्या गेममध्ये टिकणं हीच अर्धी लढाई आहे. जपानमध्ये कोऑपरेशन कप नावाची पाच-पाच जणांच्या संघांची स्पर्धा होते. तिथे एका संघात एकच कॅरेक्टर दोनदा घेता येत नाही, त्यामुळे तळाची कॅरेक्टर आयुष्यभर खेळलेले लोकही तिथे दिसतात. ट्वेल्व्हने चुन-लीला हरवल्यावर त्या गर्दीतून उठणारा आवाज ऐक एकदा.

आता हाताचं काम, म्हणजे केन घेतलास असं धरून. मीडियम पंच, हेवी पंच, सुपर. तुला वाटेल बटणं पाठ केली की झालं. खरी गोष्ट मधल्या क्षणात आहे. मीडियम पंच टेकला की डोळे स्वतःच्या केनवर ठेवायचे नाहीत, समोरच्यावर ठेवायचे. त्याची मान मागे गेली का, का हात वर येऊन ब्लॉक झाला? दोन फटके आहेत म्हणून हे बघायला वेळ मिळतो. मान गेली तर सुपर, हात वर दिसले तर काही नाही, गप्प बसायचं. ट्रेनिंगमध्ये डमीला कधी ब्लॉक, कधी नाही अशा रँडम सेटिंगवर ठेव. लागलेला फटका दिसूनही सुपर सुटला नाही तर चालेल. ब्लॉकवर सुपर सुटला तर मात्र हात झटकून पुन्हा. कारण मॅचमध्ये ब्लॉकवर सुपर सोडणं म्हणजे पट्टीही गेली आणि उलटा मारही बसला. हे जमायला लागलं की तुझ्या मॅच अचानक वेगळ्या दिसतील, पॅरी एकही न जमता.

एक बारकी अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. पुढे चालत असताना हडोकेन मारायला जातोस आणि शोर्युकेन निघतो. कारण सरळ आहे: तू आधीच पुढे धरलेलं होतंस, मग खाली, मग खाली-पुढे आलास. गेमच्या लेखी हा शोर्युकेनचा क्रम पुरा झाला. चालणं थांबवून स्टिक एक क्षण मध्ये येऊ दे, मग सुरुवात कर. टेकनमधून येणाऱ्यांना दुसरी सवय मोडावी लागते, ती म्हणजे मार खाताना बटणं दाबत राहण्याची. इथे मार बसत असताना हात स्टिकवर मागे आणि खाली, बटणांवरून बोटं उचललेली.

आणि तेवढ्यात पॅरीविषयी एक गंमत. पुढे चालायला सुरुवात करायची म्हणजे स्टिक मधून पुढे न्यायची, आणि तीच पॅरीचीही खूण आहे. म्हणून पुढे पाऊल टाकताना पहिल्या काही फ्रेममध्ये तू आपोआप पॅरीच्या दारात उभा असतोस. चांगले खेळाडू पुढे-मागे, पुढे-मागे असे नाचताना दिसतात ते काही अंशी ह्यासाठी. पॅरी त्यांच्या चालण्यातच मिसळलेली असते. तू वेगळा उभा राहून ‘आता पॅरी’ असं ठरवतोस, आणि ते समोरच्याला लांबून दिसतं.

तरी पॅरीचा सराव करायचाच असेल तर क्रम लावून कर. आधी लांबून येणारा हडोकेन, तो हळू आहे. मग उडी मारून येणाऱ्याचा फटका, कारण तो कधी येणार हे त्याच्या उडीवरून दिसतं. नवख्यासाठी सगळ्यात उपयोगी पॅरी हीच, ह्या एकीने फुकट खाल्लेला निम्मा मार वाचतो. जमिनीवरच्या किका पॅरी करणं नंतर. ब्लॉक करता करता मध्येच करायची जी लाल पॅरी म्हणतात, तिच्याकडे दोन वर्षं फिरकूही नकोस. चुन-लीचा सुपर मात्र बिनधास्त पॅरी कर, मजा म्हणून, पाहुणे आले की दाखवायला.

साधनांचं थोडक्यात. स्टिक लागत नाही. प्लेस्टेशनचा साधा पॅडही चालतो, त्यावर लाइट पंच चौकोनावर आणि लाइट किक फुलीवर ठेव, म्हणजे अंगठा आडवा टाकला की थ्रो. कीबोर्डवर खेळणार असशील तर एक तपासणी आधी कर. स्वस्त कीबोर्ड एका वेळी ठरावीक कीच ओळखतात. खाली आणि मागे धरून लाइट पंच आणि लाइट किक एकत्र दाब, चारही की लागतात का बघ. लागत नसतील तर बटणं दुसऱ्या कींवर हलवून पुन्हा तपास. नाहीतर थ्रोतून सुटता येत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसशील आणि दोष कीबोर्डचा असेल.

कुठे खेळायचा? सरळ विकत घ्यायचा तर २०१८ चं ‘स्ट्रीट फायटर ३०थ अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ आहे, त्यात बारा गेममधला हा एक, आणि ऑनलाइन खेळता येणाऱ्या चारांपैकीही एक. पण बहुतेक माणसं फाइटकेड ह्या जुने आर्केड गेम ऑनलाइन खेळवणाऱ्या प्रोग्रॅमवर सापडतील. फाइटकेड स्वतः गेमची रॉम (गेमची मूळ फाइल) देत नाही, ती तुझी तू आणायची. फाइटकेडसाठी ट्रेनिंगची लुआ स्क्रिप्टही (जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आहे. त्यात डमीकडून मूव्ह रेकॉर्ड करून घेता येतात, फटक्यांचे पल्ले चौकटी काढून दिसतात. केनची खालची किक नेमकी किती लांब जाते हे एकदा त्या चौकटीत बघितलंस की उभं कुठे राहायचं ते कळेल.

फाइटकेडवर लोक टिकून आहेत ते टोनी कॅनन ह्यांच्या जीजीपीओ ह्या नेटकोडमुळे, म्हणजे दोन खेळाडूंना इंटरनेटवरून जोडणाऱ्या प्रणालीमुळे. हे गृहस्थ इव्हो सुरू करणाऱ्यांपैकी एक. पूर्वीचे ऑनलाइन गेम समोरच्याचं बटण पोचेपर्यंत थांबायचे, त्यामुळे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटायचं. जीजीपीओ थांबत नाही. समोरच्याने मघाशी जे धरलं होतं तेच अजून धरलंय असं समजून गेम पुढे चालू ठेवतो, आणि खरी बातमी वेगळी आली तर मागे जाऊन तेवढ्या फ्रेम पुन्हा गणतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरतो, कारण माणूस सेकंदाला साठ वेळा मत बदलत नाही. पण पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) जितका जास्त तितकं मागे जाणं मोठं, आणि समोरचा मध्येच उडालेला दिसतो. मुंबई-पुण्याहून देशातल्या माणसाशी छान चालतं. आखाती देशांपर्यंत उत्तम. सिंगापूरपर्यंत ठीक. जपानशी खेळायचा मोह होईल, खेळ, पण शंभर मिलिसेकंद म्हणजे सहा फ्रेम हे लक्षात ठेव. दहा फ्रेमच्या पॅरीचं काय होईल तूच बघ. आणि वायफाय नको, केबल लाव. पिंग जास्त असला तरी स्थिर असेल तर हाताला त्याची सवय होते, मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या पिंगची होत नाही.

ज्यांच्याशी खेळशील त्यांच्याबद्दल. फाइटकेडवर आव्हान देताना दोन, तीन, पाच किंवा दहा मॅच आधी जिंकेल तो, असं ठरवता येतं. तुझा कल दोनवाल्याकडे असेल, हरून पटकन सुटका. उलट कर. तुझ्याहून खूप वरच्या माणसाला दहाचं आव्हान दे, आणि आधी लिही की नवा आहे, शिकतोय. बहुतेक जण खेळतात. पहिल्या पाच मॅचमध्ये काही कळणार नाही. सहाव्या-सातव्या मॅचला त्याच्या सवयी दिसायला लागतात: उठताना हा नेहमी थ्रोतून सुटायला बटणं दाबतो, सुपर भरला की पाऊलभर पुढे येतो. लाइफ शून्य होऊन गेली तरी हे एक वाक्य तुला मिळालं तर बैठक वसूल. संपल्यावर विचार, मला कशाने मारलंस? जुनी खोडं ह्या प्रश्नाने खूश होतात आणि दोन परिच्छेद लिहून टाकतात. मीही त्यातलाच, दिसतंय तुला.

जिंकणं-हरणं मोजू नकोस म्हणणारे खूप भेटतील. मोज, माणूस आहेस. पण त्याबरोबर राउंडमध्ये किती थ्रो खाल्ले तेही मोज. तो आकडा खाली यायला लागला की काही आठवड्यांत दुसराही हलतो.

ह्यानंतर काही विचारायचं असेल तर रिप्ले पाठव, फाइटकेड ते साठवून ठेवतं. हरलेल्या तीन मॅच पाठव, त्याही अटीतटीच्या नकोत, जिथे साफ धुतला गेलास त्या. आणि प्रत्येकीखाली तुझ्या मते कुठे हरलास ते एका ओळीत लिही. माझं उत्तर त्या ओळीपासून सुरू होईल.